चाल कोणाची?
नारायणगावचे फड, सिनेमाची गाणी आणि स्वामित्वहक्काचा कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेले संगीत नाटकाचे जुने पुस्तक उघडले, की सुरुवातीच्या पानावर बहुधा एक सूचना आढळते. सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे पुस्तक नोंदवले असून सर्व हक्क ग्रंथकर्त्याने स्वाधीन ठेवले आहेत, असा तिचा आशय असतो. चार पाने उलटली की पहिले पद येते. त्या पदाच्या डोक्यावर 'चाल' हा शब्द आणि त्यापुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे सुरुवातीचे शब्द छापलेले असतात. म्हणजे एकाच पुस्तकात शब्दांवरचा हक्क बजावून सांगितलेला आहे आणि चाल दुसऱ्याची आहे हेही उघडपणे सांगितले आहे. त्या काळच्या वाचकाला यात काहीच विसंगत वाटत नव्हते. शब्द माझे, चाल आपल्या सर्वांची, असा तो व्यवहार होता.

हा व्यवहार पुढे कायद्याच्या चौकटीत सापडला तेव्हा काय झाले, याचा शोध घ्यायला जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांइतकी सोयीची जागा दुसरी नाही. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तमाशाच्या फडांनी गेल्या शंभर वर्षांत लोकांच्या चाली घेतल्या, नाटकांच्या घेतल्या, सिनेमाच्या घेतल्या. आणि त्यांच्या चाली इतरांनी नेल्या त्या वेगळ्याच. आज घरबसल्या संगणकावर खेळ रचणारी हौशी मुले आवडत्या खेळाचे संगीत उचलतात तेव्हा त्यांच्यापुढे येणारा प्रश्नही हाच असतो. प्रेमापोटी घेतलेली चाल ही उसनवारी की चोरी? त्या नव्या प्रश्नाकडे जाण्याआधी जुन्या प्रश्नाचा इतिहास पाहू.

मुद्रा आणि चाल

मराठी शाहिरीत शब्दांच्या मालकीची खूण फार जुनी आहे. लावणीच्या किंवा पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो, कधी गुरूचे आणि गावाचेही. ही नाममुद्रा म्हणजे रचनेवरची सहीच. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांत कोणत्या शाहिराने कोणता सवाल घातला हे प्रतिष्ठेचे असे. ज्या वहीत या रचना उतरवलेल्या असत ते बाड फडाच्या पेटीत जपून ठेवले जाई आणि सहजासहजी कुणाच्या हाती दिले जात नसे. तेव्हा लोककला म्हणजे बिनमालकीची गोष्ट, हा समज शब्दांपुरता तरी खरा नाही.

चालीचे मात्र तसे नव्हते. चालीला मुद्रा नसते. ती एका फडातून दुसऱ्या फडात, लावणीतून कीर्तनात, भजनातून रंगभूमीवर जात राहिली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातल्या पदांना साकी, दिंडी आणि लावणीसारख्या रुळलेल्या चाली होत्या, कानडी गाण्यांच्याही चाली होत्या. पुढे 'मानापमान'ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी आणि 'स्वयंवर'ला (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. त्यांतल्या कितीतरी चालींचे मूळ बंदिशींत आहे आणि रसिकांना ते ठाऊकही होते. मूळ बंदिश ओळखता येणे हा नाट्यगीत ऐकण्याच्या आनंदाचाच भाग होता.

सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला, गणेशस्तवनाच्या आणि गवळणीच्या जागी आपला आशय घातला. आंबेडकरी जलशांनीही तेच केले आणि पुढे वामनदादा कर्डकांच्या पिढीच्या भीमगीतांनी सिनेमाच्या लोकप्रिय चाली हक्काने वापरल्या. यामागे साधे व्यवहारज्ञान होते. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत नवा विचार न्यायचा तर त्याच्या कानात आधीच बसलेली चाल हे सर्वांत स्वस्त वाहन. छापखाना, शाळा, वर्तमानपत्र यांपैकी काहीच ज्यांच्या हाती नव्हते त्यांच्या हाती चाल होती. म्हणून चालीच्या मालकीचा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. बोलायचे साधन कुणाच्या ताब्यात, हा प्रश्नही त्यात येतो.

नारायणगावची राहुटी

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, फडमालकाशी बोलणी होतात, तारीख आणि रक्कम ठरते आणि सुपारी दिली जाते. दसऱ्याला सुरू झालेला फडांचा हंगाम चैत्र-वैशाखातल्या यात्रांत कळसाला पोचतो आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतो. या दोन तालुक्यांत यात्रा म्हटली की कार्यक्रम ठरलेला: देवाची पालखी, बैलगाड्यांचा घाट, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी हजेरी आणि मग कुस्त्यांचा आखाडा.

नारायणगावचे नाव ज्या फडामुळे महाराष्ट्रभर झाले तो भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा. या फडाची परंपरा नारायण खुडे यांच्यापासून सांगितली जाते. भाऊंची मुलगी म्हणजे विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२). विठाबाईंच्या नृत्याबद्दल आणि अभिनयाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यांच्या हयातीत तमाशाच्या संगीतात काय घडले याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

पारंपरिक तमाशाची मांडणी गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग अशी. रंगबाजीत लावण्या होत. सिनेमा खेडोपाडी पोचला तसा प्रेक्षक फर्माईश करू लागला. नुकत्याच पाहिलेल्या सिनेमातले गाणे त्याला समोर, जिवंत पाहायचे होते. फडाने ते दिले. आधी पेटी, ढोलकी, कडे, तुणतुणे यांच्या साथीने, मग ऑर्गन आणि पॅड आणून, आणि अखेरीस मूळ ध्वनिमुद्रणच ध्वनिवर्धकावर लावून त्यावर नाच करून. जाणकारांनी याला तमाशाची घसरण म्हटले. फडमालकाच्या दृष्टीने तो जगण्याचा मार्ग होता. शंभराच्या आसपास माणसांचे बिऱ्हाड रोज नव्या गावी हलवायचे, सर्वांना पोटाला घालायचे आणि पावसाळ्याचे चार महिने उचलीवर काढायचे, हे ज्याच्या डोक्यावर आहे तो प्रेक्षकाची फर्माईश नाकारत नाही.

या देवघेवीची दुसरी बाजूही आहे. ज्या सिनेमाची गाणी फडांनी उचलली त्या मराठी सिनेमाने आधी फडांकडूनच पुष्कळ घेतले होते. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेला 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'पिंजरा' (१९७२) या चित्रपटांचा प्राण म्हणजे फडावरची लावणी, तिची ढोलकी, तिची अदाकारी. वसंत देसाई, वसंत पवार, राम कदम यांची प्रतिभा वादातीत आहे. तरी ज्या ठेक्यावर आणि ज्या ढंगावर त्यांनी इमारत उभारली ती भूमी तमाशाची होती. सिनेमाने तिथून नेले, त्यावर नवे घडवले, नाव आणि हक्क नोंदवले. मग तेच फडावर परत आले. परत येताना मात्र ते दुसऱ्याच्या मालकीचे होऊन आले होते.

एका गाण्याचे तीन मालक

कायदा गाण्याकडे कसा पाहतो, हे इथे थोडे तपशिलात पाहायला हवे.

आपल्याकडे स्वामित्वहक्काचा पहिला कायदा १८४७ चा, कंपनी सरकारचा. १९१४ मध्ये विलायतेचा १९११ चा कायदा काही बदलांसह लागू झाला. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ मध्ये मंजूर झाला आणि जानेवारी १९५८ पासून अंमलात आला. पुढे १९९४ आणि २०१२ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या.

या कायद्याच्या दृष्टीने ऐकणाऱ्याचे एक गाणे म्हणजे तीन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि त्यांचे मुद्रण ही तिसरी वस्तू. कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे. उदाहरणार्थ, १९५९ मध्ये निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०१९ अखेर संपला. पण त्या तबकडीवरचे गीत ग. दि. माडगूळकरांचे असेल तर त्यांचे निधन १९७७ चे असल्याने शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत राहील. उलट पठ्ठे बापूरावांचे निधन १९४५ चे. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लावण्या १ जानेवारी २००६ पासून कुणालाही मोकळ्या आहेत.

आता फडावरच्या गाण्यांना हे माप लावून पाहू. फडाच्या शाहिराने सिनेमाच्या चालीवर स्वतःचे शब्द रचले, तर त्याने फक्त चाल घेतली. परवानगी चालीच्या मालकाची हवी. फडावरच्या गायिकेने सिनेमाचे गाणे जसेच्या तसे गायले, तर शब्द आणि चाल दोन्ही घेतले गेले. ध्वनिमुद्रण घेतले गेले नाही. मूळ गाणे ध्वनिवर्धकावर लावून नाच केला, तर तिन्ही घेतले गेले. ऑर्गनवाल्याला वाजवायला बसवण्यापेक्षा मूळ गाणे लावणे स्वस्त पडते, पण कायद्याच्या हिशेबात तेच सर्वांत महाग. तमाशाचा तीन पिढ्यांचा प्रवास असा हलक्या उसनवारीकडून जड उसनवारीकडे झाला आहे.

ढंग, ठेका, बाज यांवर कुणाचीच मालकी नसते. कल्पना सर्वांची, तिची विशिष्ट मांडणी तेवढी मालकाची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये स्पष्ट केले. तो वाद एका नाटकावरून चित्रपट उचलला की काय, असा होता. लावणीच्या बाजावर नवी चाल बांधणारा संगीतकार त्यामुळे कायद्याने निर्दोष ठरतो. पण तयार चालीचा मुख्य भाग उचलला तर तो थोडासाच होता, ही सबब चालत नाही. २००८ मध्ये संगीतकार राम संपत यांनी 'क्रेझी ४' चित्रपटातल्या गाण्यांत आपल्या जाहिरातीची धून वापरल्याची तक्रार मुंबई उच्च न्यायालयात केली. न्यायालयाने स्वरांची मोजदाद करत बसण्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या कानाला काय जाणवते, याला महत्त्व दिले. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. बंदिश ओळखून खूश होणारा नाट्यरसिकाचा कान आणि चोरी ओळखणारा न्यायालयाचा कान यांच्यात शंभर वर्षांचे अंतर आहे, पण ओळखण्याची क्रिया तीच आहे.

यात्रा: धर्मकार्य की करमणूक?

कायद्यात काही सवलतीही आहेत. त्यांतल्या दोन गावच्या यात्रेच्या जवळून जातात.

पहिली सवलत हौशी मंडळांची. हौशी संस्थेने प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी, एखादी कृती सादर केली तर तो भंग ठरत नाही. शाळेचे संमेलन, गणेशोत्सवातले मेळे, गावच्या तरुणांनी बसवलेले नाटक यांना हा आधार आहे. यात्रेत सुपारीवर होणारा तमाशा गावकरी फुकटच पाहतात. तंबूच्या फडाप्रमाणे तिथे तिकीट नसते. पण फड स्वतः व्यावसायिक असतो, त्याने मोबदला घेतलेला असतो. 'हौशी' हा शब्द त्याला लागू होत नाही आणि सवलत तिथेच अडते. ही अट विचारात घेण्यासारखी आहे. नोकरी सांभाळून हौस करणाऱ्याला कायदा सूट देतो, त्याच कलेवर पोट भरणाऱ्याला देत नाही.

दुसरी सवलत धार्मिक विधींची. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात, किंवा सरकार आणि स्थानिक संस्था यांच्या अधिकृत समारंभात, संगीत वाजवायला परवानगी लागत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सोहळे हेही या विधीत मोडतात, असे कायदाच सांगतो. ही सवलत १९९४ च्या दुरुस्तीने आली. हॉटेले आणि मंगल कार्यालये यांच्याकडून लग्नातल्या गाण्यांचे पैसे मागितले जाऊ लागले तेव्हा केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये या तरतुदीची आठवण करून देणारी सूचना काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये आणखी पुढे जाऊन परिपत्रक काढले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द केले. कायद्यात जेवढे आहे त्याच्यापुढे परिपत्रकाने जाता येत नाही, हा त्याचा मथितार्थ.

मग आंबेगाव तालुक्यात धामणीच्या किंवा थापलिंगाच्या खंडोबाच्या यात्रेत काय मोकळे आणि काय नाही? पालखीपुढे बँडवाल्याने सिनेमाच्या चालीवरचे देवाचे गाणे वाजवले तर ते विधीच्या ओघात आहे, असे म्हणायला चांगली जागा आहे. रात्रीच्या तमाशातले फर्माईशीचे गाणे त्याच सवलतीत बसवणे मला कठीण वाटते. गावकऱ्याला विचाराल तर तो ही विभागणी मानणार नाही. त्याच्या लेखी तमाशा हाही देवाच्या यात्रेचाच भाग. दुसऱ्या दिवशीची हजेरी तर नावाप्रमाणे देवापुढची सेवा. देवकार्य आणि करमणूक यांच्यात कायद्याने जी रेघ ओढली आहे ती आपल्या यात्रेत कधी नव्हती. आणि भंग झालाच तर तो केवळ गायिकेचा राहत नाही. ज्याने जाणूनबुजून, नफ्यासाठी, अशा प्रयोगाला जागा दिली त्यालाही कायदा जबाबदार धरतो. तंबूच्या फडाला मैदान भाड्याने देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

न लिहिलेली चाल

आतापर्यंत आपण फडाला घेणारा म्हणून पाहिले. ज्याच्याकडून घेतले गेले, तो फड कायद्याला दिसला का? इथे १९५७ च्या कायद्यातले एक वाक्य निर्णायक आहे. मूळ व्याख्येप्रमाणे संगीतकृती म्हणजे स्वरमेळाची अशी रचना, जी छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे चिन्हांत उतरवलेली आहे. कागदावर न उतरलेली चाल कायद्याच्या लेखी संगीतकृतीच नव्हती.

तमाशातल्या कोणत्या ढोलकीवाल्याने, कोणत्या गायिकेने चालीचे स्वरलेखन केले असते? फडातली बहुसंख्य माणसे मांग, महार, कोल्हाटी अशा जातींतली. त्यांच्या वाट्याला शाळा उशिरा आली आणि स्वरलिपी तर आलीच नाही. संगीतकाराच्या वहीतली चाल मालमत्ता ठरली, त्याच अंगाची फडावरची चाल हवेत विरली. ही व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीने बदलली आणि १० मे १९९५ पासून लिहिलेले असण्याची अट गेली. म्हणजे स्वातंत्र्यानंतरची सदतीस वर्षे, जेव्हा तमाशातून सिनेमाकडे सर्वांत मोठी नेआण झाली, त्याच काळात तमाशाच्या चालीला कायद्याने डोळे मिटलेले होते.

सादर करणाऱ्याचीही तीच कथा. चित्रपटातल्या नटाला आपल्या अभिनयावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने देव आनंद यांच्या प्रकरणात १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिला. देव आनंदला जे मिळाले नाही ते विठाबाईंना कुठून मिळणार? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदल्यावर रचलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता, असे ठरवले. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या वाट्याला काहीच येत नाही याबद्दल वेगळी टिप्पणी जोडली होती. सादरकर्त्याचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. त्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही आहेत. गारुड्याला हक्क देणारा कायदा वाचून बरे वाटते, पण तोवर विठाबाई साठीला पोचल्या होत्या.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरलेली मागणी मान्य होऊन गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला वाटा कराराने काढून घेता येणार नाही, असे ठरले. मोठ्या कंपनीपुढे लहान माणसाने सही केली तरी त्याचे सगळे जाणार नाही, हा त्यातला न्याय. तमाशाच्या वगांच्या कॅसेट १९८०च्या दशकात यात्रांतून विकल्या गेल्या त्या काळात हे संरक्षण नव्हते. विठाबाईंची अखेरची वर्षे हलाखीत गेली. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारने २००६ मध्ये सुरू केला. हा सन्मान योग्यच आहे. पण सन्मान आणि स्वामित्वधन यांत फरक आहे. सन्मान देणाऱ्याच्या मर्जीने मिळतो, स्वामित्वधन हक्काने मिळते.

हौशी खेळ, तीच चाल

आता या इतिहासाच्या उजेडात नव्या प्रश्नाकडे येऊ. संगणकावरचे खेळ ज्यांना लहानपणापासून आवडतात अशी मुले पुढे त्याच पात्रांवर, त्याच संगीतावर स्वतःचा खेळ रचतात आणि फुकट वाटतात. निन्टेन्डोच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) या खेळाला कोजी कोन्डो यांनी दिलेली धून जगभर इतकी रुजली, की २०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिला स्थान दिले. खेळाच्या संगीताला हा मान पहिल्यांदाच मिळाला. एवढी ओळखीची धून आपल्या हौशी खेळात वापरली तर बिघडले काय, असे कुणालाही वाटेल.

कायद्याचे उत्तर फडासाठी आहे तेच. खेळातले मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे घेतले तर चाल आणि मुद्रण दोन्ही घेतले. तीच धून स्वतः वाजवून घेतली तर मुद्रण सुटले, चाल राहिली. त्या ढंगाची नवी धून बांधली तर ती तुमची. फुकट वाटले, नाव दिले, श्रेय कबूल केले, यांपैकी काहीही परवानगीची जागा घेऊ शकत नाही. आपल्या कायद्यातली 'रास्त वापरा'ची मुभा खाजगी अभ्यास, टीका, परीक्षण, वृत्तांत अशा कारणांपुरती आहे. 'हौस' हे कारण त्या यादीत नाही. हौशी मंडळाची सवलतही प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगासाठी आहे, प्रती काढून वाटण्यासाठी नाही.

मालकांची वागणूक मात्र एकसारखी नसते. ऑगस्ट २०१६ मध्ये 'मेट्रॉइड' या जुन्या खेळाची एका चाहत्याने अनेक वर्षे खपून केलेली नवी आवृत्ती आणि चाहत्यांचा 'पोकेमॉन युरेनियम' हा खेळ, दोन्ही प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांत निन्टेन्डोच्या नोटिशींमुळे मागे घ्यावे लागले. सेगाने उलट केले. 'सोनिक'वर हौशी खेळ रचणाऱ्या मंडळींनाच कामावर घेऊन 'सोनिक मेनिया' (२०१७) काढला. जपानमधल्या 'तोहो' या खेळमालिकेचा कर्ता तर अटी जाहीर करून चाहत्यांना आपल्या चालींवर नवी गाणी आणि नवे खेळ रचू देतो. तिच्या चालींवर चाहत्यांनी रचलेल्या संगीताचे मोठे जगच उभे राहिले आहे. कर्ता जिवंत आहे, त्याचे नाव पुढे आहे, अटी सर्वांना ठाऊक आहेत आणि चाल फिरते आहे. आपल्या जुन्या पुस्तकांतल्या 'चाल' या शब्दाचीच ही आधुनिक, लेखी आवृत्ती म्हणायला हरकत नाही.

हिशेब दोन्ही बाजूंचा

फडांनी कायदा पाळू नये, असे मला म्हणायचे नाही. सिनेमाचे गाणे रचणारा कवी आणि संगीतकार हेही कष्टाचीच भाकरी खातात. त्यांचा वाटा बुडवून तमाशा जगवणे हा न्याय नव्हे. पण हिशेब मागायचा तर तो दोन्ही बाजूंचा मागितला पाहिजे. सिनेमाने फडाकडून घेतले तेव्हा कायद्याने चाल लिहून मागितली. फडाने सिनेमाकडून घेतले तेव्हा कायद्याने परवानगी मागितली. दोन्ही वेळा नियम काटेकोर होता आणि दोन्ही वेळा तो एकाच बाजूला झुकला.

गेलेले परत आणता येत नाही, पण काही गोष्टी आज शक्य आहेत. १९९५ नंतर चाल लिहिलेली असण्याची अट उरलेली नाही. शाहिराने मोबाइलवर चाल म्हणून ठेवली, तारीख आणि नाव सांगून ठेवले, तरी उद्याच्या वादात तो पुरावा ठरू शकतो. हयात वगलेखकांना आणि शाहिरांना हे कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे. नारायणगावला राहुट्या लागतात तेव्हा फडमालक, शाहीर आणि यात्रा कमिट्या सगळे एकाच रस्त्यावर असतात. त्याहून चांगला दिवस मिळणार नाही. यात्रा कमिटीने सुपारीच्या करारातच गाण्यांच्या परवान्याचा खर्च कुणाचा, हे एका ओळीत लिहून घेतले तर पुढचे तंटे टळतील. आणि फडाच्या पेट्यांतली बाडे, जी वाळवीच्या आणि भंगारवाल्याच्या तोंडी जात आहेत, त्यांच्या प्रती काढून मुद्रांसकट, 'चाल' या शब्दासकट जपल्या पाहिजेत. कोणती चाल कुठून आली आणि कुठे गेली, हे सांगणारा तेवढाच कागद आपल्याजवळ उरला आहे.

जुन्या पुस्तकांतल्या त्या 'चाल' शब्दात एक शिष्टाचार होता: घ्यावे, पण कुणाचे घेतले ते सांगावे. कायद्याने त्यात 'विचारावे' आणि 'द्यावे' यांची भर घातली, ती योग्यच आहे. फक्त विचारायचे कुणाला आणि द्यायचे कुणाला, हे ठरवताना ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची नावे यादीतून गळली. ती परत घालण्याचे काम न्यायालयाचे नाही. ते आपल्यासारख्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांचे आहे.